गोचीड काढणाऱ्या अक्का

"तुम्ही मूळच्या कुठल्या?" असं अक्कांना कुणी विचारलं की आम्ही हातातलं काम थांबवून ऐकत बसायचो. उत्तर दरवेळी नवं असायचं. पोस्टमनला त्यांनी टांझानिया सांगितलं, खालच्या खताच्या दुकानात येणाऱ्या एका मामांना सुदान, आणि गॅसची टाकी आणून देणाऱ्याला फिजी. हे तिघं एकदा चौफुल्याला चहाच्या टपरीवर एकत्र आले, त्यांच्यात जुंपली, आणि निकाल लावून घ्यायला ते सरळ आमच्या ऑफिसचा जिना चढून आले.

अक्कांनी तिघांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तिन्ही बी खरं हाय. आन् मी केडगावची, त्ये बी खरं हाय. आता चहा कुनाकुनाला?"

त्यात खोटं काहीच नव्हतं. अक्कांचे वडील, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटवून त्यातून साखरेचा दाणा पाडायचा, हे त्यांचं काम. दाणा नेमका कधी पडणार हे ज्याला कळतं त्याला जगात कुठूनही बोलावणं येतं. आबांना ते येत गेलं. अक्का लहान असतानाच बिऱ्हाड टांझानियाला गेलं, तिथून सुदानला, तिथून फिजीला. एक कारखाना रुळाला लागला की पेट्या बांधायच्या आणि पुढचा गाठायचा. पुढं अक्का सिडनीत कॉम्प्युटर शिकल्या, सिंगापुरात आणि नैरोबीत नोकऱ्या केल्या. या सगळ्या काळात पासपोर्टावर कायमचा पत्ता मात्र केडगावचा. आई गेल्यावर आबा म्हणाले, "आता त्या पत्त्यावर राहून तरी बघू." म्हणून बापलेक परत आले, आणि पन्नाशीच्या अक्कांनी खताच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सॉफ्टवेअरची कंपनी काढली.

गावाला वाटलं होतं, फॉरेनची बाई, आता इंग्रजी झाडणार. अक्कांनी तोंड उघडलं आणि गाव गार पडलं. त्यांची आई मांडवगण फराट्याची. तिनं लेकीला आपल्या माहेरची मराठी शिकवली, आणि तिकडं परदेशात ती बिघडवायला दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळं ती बरणीतल्या लोणच्यासारखी जागच्या जागी मुरत राहिली. इकडं आम्ही 'ॲक्च्युली' आणि 'प्रॉब्लेम'वर आलो होतो, आणि सिंगापूर करून आलेल्या अक्का 'आवंदा', 'कवाशी', 'येंत्र' म्हणत होत्या. पुण्याहून आलेला बँकेचा एक साहेब पाच मिनिटं ऐकून त्यांना समजावणीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, वी कॅन स्पीक इन इंग्लिश, नो इश्यूज."

"बोला की," अक्का म्हणाल्या, "मी काय आडवलंय व्हय?"

त्यांच्या हिंदीची तर आणखीच गंमत. अक्का ती फिजीत शिकल्या होत्या, उसाच्या मळ्यातल्या शेजाऱ्यांकडून, आणि त्या शेजाऱ्यांचे पणजे कधीकाळी बिहारकडून बोटीनं गेलेले. कुरकुंभच्या कारखान्यात काम करणारी बिहारी मंडळी एकदा बँकेच्या लायनीत अक्कांच्या मागं उभी होती. अक्कांचं दोन वाक्यं बोलणं ऐकून त्यातला एक जण हरखून पुढं आला. "दीदी, आप किस जिले की हैं?"

"लबासा," अक्कांनी फिजीतल्या आपल्या गावाचं नाव सांगितलं.

तो क्षणभर विचारात पडला, मग मान डोलावून सोबत्याला म्हणाला, "हाँ हाँ, अपने छपरा से आगे पड़ता है."

अक्कांनी त्याला दुरुस्त केलं नाही. उलट पुढं छठच्या सणाला त्या बिहारी मंडळींनी पाठवलेला ठेकुआ, त्यांच्याकडचा गोड खाऊ, आम्हीच सगळ्यांनी खाल्ला.

मी कासुर्डीचा. कॉम्प्युटरची डिग्री घेऊन घरी बसलो होतो, तेव्हा या कंपनीचं कळलं. इस्त्रीचा शर्ट घातला, 'माय सेल्फ' पाठ केलं आणि मुलाखतीला गेलो. अक्का खिडकीत बसून हरभरा सोलत होत्या. माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "म्हशीची धार काढता येती का?"

"नो मॅडम."

"कुत्र्याला भितोस का?"

"...हो."

"खरं बोलतुयास. उद्यापास्नं ये. आन् मॅडम न्हाई म्हनायचं, मला वाटतं कुनी तरी माझ्या मागं उभं हाय."

मला वाटलं, चेष्टा चालली आहे. चेष्टा नव्हती. आमचं पहिलंच काम दूध डेअरीचं होतं. आणि अक्कांचा नियम असा, की ज्याचं सॉफ्टवेअर करायचं त्याच्या हाताखाली आधी राबून यायचं. या कामावर आम्ही दोघं, मी आणि माझ्याबरोबर नोकरीला लागलेली रेश्मा. रेश्मा भीमेपलीकडच्या एका वाडीतली, दुभत्याच्या घरातली. तिला काही शिकवायचं नव्हतं. मला मात्र तिच्याच गोठ्यात पाठवलं. म्हशीनं पहिल्याच दिवशी माझी योग्यता ओळखली आणि बादलीसकट मला भिंतीवर आदळलं. रेश्माची आई पदर तोंडाला लावून हसत होती आणि बघायला आलेल्या अक्का शांतपणे म्हणाल्या, "आता हिला कशी वागणूक लागती त्ये कळलं. तसंच आपल्या गिऱ्हाइकाला लागती."

प्रोग्रॅममधल्या चुकीला सगळं जग 'बग' म्हणतं. अक्का 'गोचीड' म्हणायच्या. "बग म्हंजी किडा. किडा आला, गेला. ह्यो तसा न्हाई. कानाच्या मागं बसतोय, रगत पितोय, आन् जनावर का वाळलं त्ये कळत न्हाई." सकाळी ऑफिसात आल्याबरोबर त्या विचारायच्या, "काल किती गोचीड काढलं?" हे इतकं अंगवळणी पडलं, की एकदा बंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीबरोबर मीटिंग चालू असताना मी भर इंग्रजी वाक्यात 'गोचीड' म्हणून गेलो. मग त्यांच्यातल्या एकानं गंभीरपणे विचारलं, हे कुठलं नवं टूल आहे, आणि त्याचं लायसन मिळतं का.

कॉम्प्युटरला त्या अहो-जाहो करायच्या आणि आम्हाला अरे-तुरे. यंत्र अडकलं आणि मी की-बोर्डवर हात आपटला, तर त्या खुर्चीतून उठून यायच्या. "आहो, बसा तुमी, दमानं घ्या," हे यंत्राला. मग माझ्याकडं वळून, "आरं, त्येंनी काय चुकीचं केलंय? तू सांगितलं तसंच वागत्यात त्ये. तुज्यात गोचीड हाय."

हे असं का, ते त्यांनी एकदाच सांगितलं. डेअरीत काटा बसवायला निघालो होतो, भीमेच्या पुलावर जीप पंक्चर झाली. ड्रायव्हर चाक बदलत होता आणि आम्ही कठड्याला टेकून नदीतली जलपर्णी बघत उभे होतो. अक्का म्हणाल्या, नवीन देशात नव्या शाळेत गेलं की पहिला प्रश्न तोच, कुठली तू? सांगितलं की वर्ग हसणार. सुदानात सांगितलं टांझानियाची, हसले. फिजीत सांगितलं सुदानची, आणखी हसले. म्हणून मग त्यांनी बोलणंच सोडलं होतं. शाळा सुटली की कारखान्यात जायचं आणि उसाच्या काट्यापाशी बसायचं. काट्यावरचा माणूस आधी उसाच्या मालकाचं तोंड बघायचा आणि मग काट्याकडं. आबांना हे दिसत होतं, पण परक्या मुलखात आबा काय बोलणार? एके दिवशी खोक्यातून कॉम्प्युटर आला आणि काट्याला जोडला. सगळ्यात मोठ्या मळेवाल्याची गाडी गेली, आकडा पडला. पाठोपाठ एका म्हातारीची मोळी गेली, आकडा पडला. दोघांसाठी यंत्रानं तेवढाच वेळ घेतला.

"त्येनं म्हातारीला इचारलं न्हाई, तू कुठली," अक्का म्हणाल्या. "मला बी इचारलं न्हाई. मी तवाच ठरवलं, ह्येंच्याच घरी नांदायचं."

रेश्मानं विचारलं, "म्हणून लग्न नाही केलं?"

"एका देशात ठरलं हुतं, दुसऱ्या देशात मोडलं. चल, चाक बसलं."

ज्या डेअरीकडं आम्ही निघालो होतो ती रेश्माच्याच वाडीतली. त्या डेअरीसाठी अक्कांनी बोलकं यंत्र केलं होतं. दूध काट्यावर गेलं की ज्यावर भाव ठरतो ती फॅट किती ते यंत्र पावतीवर छापायचंच, शिवाय मोठ्यानं सांगायचं, कारण दूध घालायला येणाऱ्या निम्म्या बायकांना पावती वाचता यायची नाही. आवाज अक्कांचा. "राम राम मावशी. फॅट सहा पॉइंट तीन. आनंदात जावा." डेअरीचे चेअरमन, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे, भलतेच खूश होते.

उद्घाटनाच्या आठवडाभर आधी आप्पा ऑफिसात आले. गोड माणूस, सतत वेलदोडा चघळणार, आवाज कधी चढवणार नाही. ख्यालीखुशाली झाली आणि मग ते म्हणाले, "मॅडम, आपल्याकडं सभासद दोन परकारचं. एक आपलं, आन् एक तिकडचं. मागच्या निवडणुकीत तिकडच्यांनी लई तरास दिला बघा. तर तिकडच्यांची फॅट जरा दमानं दाखवायची."

"दमानं म्हंजी?"

"दोन पॉइंट दमानं. कुनाला कळायचं बी न्हाई."

मी रेश्माकडं बघितलं. तिचं घर 'तिकडचं' होतं. ती स्क्रीनकडं बघत ताठ बसली होती.

अक्का म्हणाल्या, "जमंल की. येंत्र काय, सांगाल त्ये ऐकतंय. नावं तेवढी द्या."

आप्पा नावांची यादी आणि तिच्यावर एक वेलदोडा ठेवून गेले. रेश्मानं डबा उचलला आणि त्या दिवसापासून ती खाली दुकानाच्या पायरीवर एकटी जेवायला लागली. मीही अक्कांशी कामापुरतंच बोलायला लागलो. पुलावर ऐकलेली ती म्हातारी आणि तिची मोळी माझ्या डोक्यातून जात नव्हती. अक्का मात्र गाणं गुणगुणत काम करत होत्या. डेअरीचं ते सॉफ्टवेअर त्यांनी आम्हाला दाखवलंसुद्धा नाही.

उद्घाटनाच्या सकाळी सगळी वाडी लोटली होती. नारळ फुटला, पेढे वाटले. पहिली बाई 'आपल्या'तली. "राम राम मावशी. फॅट सहा पॉइंट चार. आनंदात जावा." टाळ्या पडल्या. दुसरी रेश्माची आई. तिनं चरवी रिकामी केली. यंत्र बोललं,

"राम राम मावशी. फॅट सहा पॉइंट सहा. चेअरमनसाहेबांच्या सांगण्यावरनं सहा पॉइंट चार. आनंदात जावा."

टाळ्यांसाठी वर आलेले हात तसेच राहिले. रेश्माच्या आईनं पदर कानामागं सारला. "काय म्हनलं गं ते? परत लावा बरं."

परत लावायची गरजच नव्हती. मागं तिकडचाच एक जण उभा होता, त्याचं दूध पडलं आणि यंत्रानं तेवढ्याच अदबीनं चेअरमनसाहेबांचं नाव पुन्हा घेतलं. मग मात्र जो कालवा उठला त्यात पेढ्यांचं ताट कुठं गेलं कळलं नाही. आप्पांच्या घशात वेलदोडा अडकला होता. तो खाली गेल्यावर ते पहिल्यांदाच मोठ्यानं ओरडले, "बंद करा ते! मॅडम, हे काय?"

"तुमी सांगितलं तसंच झालंय, आप्पा," अक्का म्हणाल्या. "मी सोता तपासलंय. एक बी गोचीड न्हाई."

रेश्मा माझ्या शेजारी उभी होती. ती हसत नव्हती, रडत नव्हती. तिनं नुसता माझा दंड इतक्या जोरात धरला होता की वळ उठले.

पण अशी मजा फुकट मिळत नाही. डेअरीनं यंत्र उचलून बाहेर ठेवलं. खताच्या दुकानाचे मालक आप्पांचे व्याही. त्यांनी महिनाअखेर जागा सोडायला सांगितली. आणखी दोन डेअऱ्यांशी बोलणं चालू होतं, ते तुटलं. कुणी तरी पसरवलं, बाई परदेशातनं पळून आलीये, इथनंही पळणार. संध्याकाळी आम्ही अक्कांच्या घरी गेलो, तर आबा ओसरीवर सुतळीचा बिंडा घेऊन बसले होते. कारखान्यातलं काम संपलं किंवा बिनसलं की सामान बांधायचं, हे त्यांनी जन्मभर केलेलं. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "कुठं जायाचं ह्या खेपंला?"

अक्कांनी त्यांच्या हातातला बिंडा काढून घेतला आणि खुंटीला अडकवला. मग त्या म्हणाल्या, "न्हाई आबा. ह्या खेपंला न्हाई जायाचं."

"मग?"

"मग काय. गोठा झाडायचा."

आणि खरंच, घरामागच्या रिकाम्या गोठ्यात ऑफिस आलं. गव्हाणीवर फळी टाकून टेबलं केली. पत्रा तापायचा म्हणून वर ओली पोती टाकायची. नैरोबीच्या गिऱ्हाइकाबरोबर व्हिडिओवर बोलणं चालू असताना शेजारची शेळी आत शिरली आणि अक्कांच्या खांद्यावरून डोकावली. मी लाजेनं अर्धा झालो. पलीकडचा साहेब मात्र खुर्चीतून पुढं झुकला आणि दोघंही स्वाहिलीत त्या शेळीबद्दल अर्धा तास बोलले. काम मिळालं.

दरम्यान वाडीत काय झालं होतं, तर बायकांना बोलक्या यंत्राची चटक लागली होती. एकदा आकडा कानानं ऐकल्यावर आता मुक्या काट्यावर कुणाचा विश्वास बसेना. निम्मी वाडी चालत पुढच्या गावच्या डेअरीत दूध घालू लागली, आणि त्या डेअरीनं आमच्याकडून यंत्र नेलं. मग तिच्या पुढच्या गावानं. आप्पा निवडणूक पुन्हा जिंकले, ते जिंकणारच होते. पण त्यांच्या डेअरीत दूध येईना.

शेवटी एक दिवस ते गोठ्याच्या दारात उभे राहिले. शेणाच्या जुन्या वासात वेलदोड्याचा वास मिसळला. अक्कांनी त्यांना गव्हाणीवर बसवलं.

"मशिन पायजे," आप्पा म्हणाले. "पन बाईचा आवाज नको. लोकं मला बघून अजून हसत्यात."

"आन् दोन पॉइंट?"

"ते बी नको," आप्पा खाली बघून म्हणाले.

पुरुषाचा आवाज म्हणजे मीच, असं मी धरून चाललो होतो. घरी आरशासमोर सरावही केला. पण अक्कांनी आबांना बसवलं. उकळत्या पॅनच्या गोंगाटात चार मजले ऐकू जाईल असं ओरडून जन्म गेलेला माणूस. बायको गेल्यापासून मात्र दिवसाकाठी दोन शब्दसुद्धा बोलत नव्हता. पहिल्याच "राम राम"ला आवाज मोजणारी सुई टोकाला गेली आणि वरची पोती हलली. अक्का म्हणाल्या, "आबा, हळू. आन् कागदावर हाय तेवढंच बोला." आबांनी कागद बाजूला ठेवला. दोन दुपारी ते एकटेच माइकशी बोलत बसले होते. फॅट चांगली लागली तर काय म्हणायचं, दूध पातळ किंवा नासलेलं निघालं तर काय, कुणी उशिरा आलं तर काय, सगळं त्यांनी आपल्या मनानं घातलं. आतून त्यांचं एकट्याचं हसणं ऐकू यायचं. अक्का दाराबाहेर उभ्या राहून ऐकायच्या आणि आम्हाला बोटानं गप्प करायच्या.

आप्पांच्या डेअरीत आबांच्या आवाजाचं यंत्र बसलं, आणि त्याच थंडीत आबा गेले. जागेवरच, ओसरीवर ऊन खात बसलेले असताना. आप्पांसकट सगळी वाडी मातीला आली होती. अक्का चौथ्या दिवशी ऑफिसात आल्या, आम्हाला गोचीड विचारले, सगळं नेहमीसारखं. फक्त सकाळच्या त्या उशिरा यायला लागल्या, आणि कुठं जातात ते सांगेनात.

मग रेश्माच्या आईचा फोन आला. "आगं, तुमच्या अक्का रोज सकाळी हितं डेअरीच्या लायनीत असत्यात. त्येंनी म्हस घेतली का काय?"

म्हैस कुठली घेणार? दुसऱ्या दिवशी मी आणि रेश्मा पहाटेच वाडीत गेलो आणि डेअरीसमोरच्या लिंबाआड उभे राहिलो. लायनीत चरव्या आणि कॅन घेतलेल्या बायका, आणि त्यांच्यात, शाल गुंडाळून, हातात स्टीलची छोटी किटली घेतलेल्या अक्का. काट्यापाशी स्वतः आप्पा बसले होते. त्यांनी अक्कांना सभासद करून घेतलं होतं, दावणीला एक जनावर नसताना. अक्कांचा नंबर आला. त्यांनी किटली ओतली. ते दुकानातलं पिशवीचं दूध आहे, हे आप्पांना माहीत होतं, मागच्या बायकांना माहीत होतं. आप्पांनी वेलदोडा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला आणि बटण दाबलं.

लिंबावरचे कावळे उडतील अशा आवाजात आबा ओरडले, "आगं बाई! ही म्हस हाय का हापसा?"

सगळी लायन हसली. अक्का सगळ्यात मोठ्यानं हसल्या. मग शालीच्या टोकानं डोळे पुसून त्यांनी किटलीला झाकण लावलं आणि यंत्राकडं जरा वाकून म्हणाल्या, "हापसाच हाय, आबा. उद्या परत येते."